‘झेवियर’ : कुलनामाचे व्यक्तिनाम कसे झाले

गोमंतकातील गावकरीसंस्थेचा अभ्यास करणाऱ्यास फिलिप नेरी शाविएर हे नाव टाळता येत नाही. एकोणिसाव्या शतकातील या गोमंतकीय लेखकाचा ग्रामसंस्थांविषयीचा पोर्तुगीज ग्रंथ १८५२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्या विषयावरील पुढील लेखन त्याच्या आधारानेच उभे राहिले. या नावाची फोड केली असता एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ‘फिलिप’ हे व्यक्तिनाम आहे, याविषयी शंका नाही. ‘नेरी’ हे मात्र मुळात सोळाव्या शतकातील एका इटालियन संताचे आडनाव. येथे ते ‘फिलिप’ला चिकटून व्यक्तिनामाचाच भाग झाले आहे. ‘शाविएर’ हेही मुळात एका संताचे कुलनाम, पण येथे ते घराण्याचे आडनाव म्हणून आले आहे. म्हणजे एकाच माणसाच्या नावात दोन संतांची आडनावे आहेत, आणि त्यांपैकी एक आडनाव नाही. हे दोन्ही संत १२ मार्च १६२२ या एकाच दिवशी रोममध्ये संतपदास पोचले, हा योगायोग वेगळाच.

अशा नावांची फोड चुकली की संशोधनही चुकते. ‘फ्रान्सिस्को शाविएर’ एवढीच नोंद जुन्या दप्तरात आढळली, तर ते एका माणसाचे नाव व आडनाव आहे, की आडनावाचा उल्लेख वगळून दिलेले नुसतेच व्यक्तिनाम आहे, हे ठरविल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जुन्या पोर्तुगीज ग्रंथसूच्या लेखकांची मांडणी पहिल्या नावानुसार करीत; आजची मराठी ग्रंथसूची ती आडनावानुसार करते. या दोहोंमध्ये ‘शाविएर’ हा शब्द कधी इकडे, कधी तिकडे पडतो आणि एका माणसाची दोन माणसे होतात. मराठीतील नामविषयक लेखनात ख्रिस्ती नावांचा विचार बहुधा ‘पोर्तुगीज नावे’ अशा एका गाठोड्यात बांधून संपविला जातो. ‘शाविएर’ किंवा इंग्रजी वळणाने ‘झेवियर’ या एका नावाचा मागोवा घेतला, तरी ते गाठोडे किती वेगवेगळ्या वस्तूंचे आहे याची कल्पना येते.

स्थलनाम आणि कुलनाम

नावाचा उगम स्पेनच्या उत्तरेकडील नवारा प्रदेशात आहे. तेथील ‘हाविएर’ हे एक लहानसे गाव व त्यातील गढी हे या नावाचे मूळ. शब्द मात्र स्पॅनिश नाही. तो बास्क भाषेतील आहे. ‘एचे’ म्हणजे घर, ‘बेरी’ म्हणजे नवे. ‘एचेबेरी’ या जोडशब्दाचा आद्य स्वर गळून व मधला भाग आक्रसून ‘शाबिएर’ हे रूप झाले. याच शब्दाची दुसरी, कमी झिजलेली रूपे ‘एचेव्हेरिया’सारख्या आडनावांत आजही दिसतात. मराठीत याचा शब्दशः प्रतिशब्द ‘नवघर’ हा होईल. वसई परिसरात, जेथे झेवियर हे नाव ख्रिस्ती कुटुंबांना परके नाही, तेथे नवघर नावाचे गाव आहे. त्या दोन शब्दांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, हे सांगावयास नको. पण नव्याने उठविलेल्या घरावरून वस्तीला नाव पडणे ही प्रक्रिया दोन्हीकडे एकच आहे.

७ एप्रिल १५०६ रोजी या गढीत जन्मलेल्या फ्रान्सिस्कोचे पितृकुल ‘जास्सो’ हे होते. वडील डॉ. हुआन दे जास्सो नवाराच्या राजाचे मोठे अधिकारी. गढी आली ती आईकडून, मारिया दे आस्पिलकुएता हिच्या घराण्याकडून. फ्रान्सिस्कोच्या दोन थोरल्या भावांपैकी एक ‘मिगेल दे हाविएर’ म्हणून ओळखला जातो, दुसरा ‘हुआन दे आस्पिलकुएता’ म्हणून. सख्ख्या भावांची आडनावे निराळी! आजच्या मराठी वाचकाला हे विचित्र वाटेल. परंतु त्या काळच्या स्पेनमध्ये आडनाव बापाकडून मुलाकडे सरळ रेषेत उतरलेच पाहिजे, असा दंडक नव्हता. कुळाच्या नावांपैकी कोणते नाव कोणी लावावयाचे हे वतन, वारसा व सोय यांवर ठरे. ‘दे हाविएर’ याचा अर्थ ‘हाविएरचा’ एवढाच. मराठीतील ‘-कर’ प्रत्ययाचे काम तेथे ‘दे’ हे शब्दयोगी करीत होते.

त्यातही लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हयातीत या माणसाला ‘शाविएर’ म्हणून फारसे कोणी हाक मारीत नसे. पॅरिसची पदवी मिळवून इग्नाती लोयोलाच्या मंडळात सामील झालेला हा धर्मोपदेशक ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरला, तेव्हापासून पोर्तुगीजांच्या तोंडी तो ‘मेस्त्रे फ्रान्सिस्को’ होता. आपल्या पत्रांखालीही तो साधारणपणे ‘फ्रान्सिस्को’ एवढेच लिही. ज्या नावाने पुढे अर्धे जग त्याला ओळखू लागले, ते नाव त्याच्या मृत्यूनंतर, ३ डिसेंबर १५५२ नंतर, पुढे आले.

‘फ्रान्सिस’ नावांची गर्दी

हे का घडले याचे उत्तर भक्तीत आहे तसेच व्यवहारातही आहे. कॅथलिक परंपरेत बाप्तिस्म्याच्या वेळी बालकास संताचे नाव देण्याची रूढी जुनी आहे. संताचे नाव म्हणजे त्याचे व्यक्तिनाम : पेद्रू, जुआंव, आंतोनी. ‘फ्रान्सिस’ या नावाचा मूळ संत तेराव्या शतकातील असिसीचा. त्यानंतर पाओलाचा फ्रान्सिस १५१९ मध्ये संत ठरला. १६२२ मध्ये शाविएर, १६६५ मध्ये साल्सचा फ्रान्सिस आणि १६७१ मध्ये बोर्जाचा फ्रान्सिस. दीडशे वर्षांत एकाच नावाचे चार नवे संत! आपल्या मुलाचा पालक संत कोणता, हे सांगण्यास नुसते ‘फ्रान्सिस्को’ पुरेनासे झाले. तेव्हा ओळख पटविणारा दुसरा शब्द नावाला जोडणे अपरिहार्य झाले. बालकाचे नाव ‘फ्रान्सिस्को शाविएर’ असे ठेवले जाऊ लागले आणि त्यानंतर त्याचे स्वतःचे आडनाव येई.

येथवर हे चारही संत समान आहेत. पण स्पॅनिश नामपद्धतीत एक बारीक भेद राहिला आहे आणि त्यातच या विषयाची किल्ली आहे. असिसी, पाओला व बोर्जा यांच्या नावावरून ठेवलेली नावे ‘फ्रान्सिस्को दे आसिस’, ‘फ्रान्सिस्को दे पाउला’, ‘फ्रान्सिस्को दे बोर्जा’ अशी ‘दे’सह लिहिली जातात. शाविएरच्या बाबतीत मात्र रूढ रूप ‘फ्रान्सिस्को हाविएर’ असे आहे. मधला ‘दे’ गळाला. ‘दे’ आहे तोवर पुढचा शब्द ठिकाण दाखवितो. ‘दे’ गेला की तो ठिकाण दाखवीत नाही, तो नुसते नाव होतो. व्याकरणातील हे एक अक्षर गळणे म्हणजे कुलनामाचे व्यक्तिनाम होण्याची खूण होय. यानंतरचा टप्पा सोपा आहे. ज्या घरात, ज्या गल्लीत फ्रान्सिस्को पुष्कळ, तेथे हाक मारताना पहिला शब्द टाकून दुसराच ठेवला जातो. १९९५ ते १९९९ या काळात नाटो संघटनेचे सरचिटणीस असलेले स्पेनचे हाविएर सोलाना यांचे पूर्ण नाव फ्रान्सिस्को हाविएर आहे. जगाला ते हाविएर म्हणूनच माहीत आहेत. अखेरच्या टप्प्यात ‘फ्रान्सिस्को’ हा पूर्वभाग कागदावरही उरला नाही. बार्सेलोना येथील फुटबॉलपटू शावी (जन्म १९८०) याच्या नावात तो नाही. तेथे ‘शाविएर’ हेच मूळ नाव आणि ‘शावी’ हा त्याचा लाडका संक्षेप.

इतर भाषांनी हे जोडनाव आपापल्या उच्चारानुसार रुळविले. जर्मनभाषक कॅथलिक प्रदेशांत ‘फ्रांत्स क्साव्हर’ ही जोडी इतकी घट्ट झाली की, ‘सायलेंट नाइट’ या नाताळगीताची चाल बांधणारा ग्रुबर (१७८७–१८६३) आणि राजघराण्यांची व्यक्तिचित्रे काढणारा व्हिंटरहाल्टर (१८०५–१८७३) या दोघांचेही नाव तेच होते. इटलीत ‘साव्हेरिओ’, पोलंडमध्ये ‘क्सावेरी’. स्त्रीरूपेही निघाली. चिलीच्या स्वातंत्र्यलढ्यातील हाविएरा काररेरा (१७८१–१८६२) हिच्या नावात बास्क भाषेतील ‘नव्या घरा’ला स्पॅनिश स्त्रीलिंगी प्रत्यय लागला आहे. घराचे नाव, मग गावाचे, मग कुळाचे, मग संताचे, आणि अखेरीस एका स्त्रीचे : एवढी स्थित्यंतरे पचवून शब्द उभा आहे. पोर्तुगीज भाषेच्या प्रदेशांत तर आणखी एक फेरा झाला. भक्तीने जोडलेले ‘शाविएर’ काही घराण्यांत पुन्हा आडनाव म्हणून स्थिरावले. ब्राझीलच्या इतिहासातील ‘तिरादेन्तिस’ या टोपणनावाचा बंडखोर जुआकीं जुझे दा सिल्व्हा शाविएर (१७४६–१७९२) याच्या नावातील शेवटचा शब्द असा आहे. आरंभी उल्लेखिलेल्या फिलिप नेरी यांचे आडनाव याच वर्गातले. हा शब्द दिसल्याबरोबर त्याला एकाच खणात टाकणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

गोव्याचा उच्चार आणि मुंबईचा उच्चार

मराठीच्या दृष्टीने या नावाचा सर्वांत मोलाचा भाग त्याच्या उच्चारात आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लिपीतील ‘एक्स’ या अक्षराचा उच्चार ‘श’ असा होता. सर्व्हांतिसच्या सुप्रसिद्ध कादंबरीचा पहिला भाग १६०५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तिच्या नायकाचे नाव ‘किशोते’ असे उच्चारले जात असावे. फ्रेंच व इटालियन भाषांनी उचललेली त्या नावाची रूपे ‘श’ या अंगानेच गेली आहेत, हा त्याचा पुरावा. पुढे स्पॅनिशमध्ये हा ‘श’ घशाकडे सरकून ‘ख’-‘ह’सारखा झाला आणि १८१५ च्या लेखनसुधारणेत त्याच्यासाठी ‘एक्स’ऐवजी ‘जोता’ हे अक्षर आले. त्यामुळे स्पेनमध्ये आज ‘हाविएर’ म्हणतात. पोर्तुगीजने मात्र ‘श’ राखला आणि तो गोव्यात उतरला. कोकणी माणूस ‘सांव फ्रान्सिस्कु शाविएर’ म्हणतो, तेव्हा तो संताच्या जन्मकाळच्या उच्चाराला आजच्या स्पेनपेक्षा अधिक जवळ असतो. दक्षिणेच्या किनाऱ्यावर, जेथे त्याने परवर कोळ्यांमध्ये काम केले, तेथे तमिळने ‘श’चा ‘स’ केला, शेवटी आदरार्थी ‘-आर’ लावला आणि ‘सवेरियार’ हे रूप घडविले. ‘मुत्तु’ म्हणजे मोती; तो जोडून ‘सवरिमुत्तु’ हे नाव झाले. परके कुलनाम देशी व्यक्तिनामात इतके विरघळल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही.

‘झेवियर’ हे रूप यांपैकी कोणत्याही परंपरेतून आलेले नाही. ते इंग्रजी वाचनाचे फळ आहे. शब्दारंभीच्या ‘एक्स’चा उच्चार इंग्रजी भाषा ‘झ’ असा करते, आणि मुंबई इलाख्यातील मराठीने तो तसाच स्वीकारला. त्यात १८६९ मध्ये मुंबईस स्थापन झालेल्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचा वाटा मोठा आहे. ‘झेवियर्सचा विद्यार्थी’ हा प्रयोग मराठीत इतका रुळला की, त्यातील इंग्रजी षष्ठीचा ‘स’ही कोणाला खटकेनासा झाला. येथे आणखी एक गोष्ट नजरेआड होते. ‘सेंट’ हा शब्द स्वभावतः संताच्या व्यक्तिनामापूर्वी येतो : सेंट पीटर, सेंट जॉन. ‘सेंट झेवियर’ म्हणताना ‘फ्रान्सिस’ सर्वस्वी नाहीसा झाला आहे. इंग्रजीच्या या वापराने कुलनामाचे रूपांतर पूर्णत्वास नेले, तेही बहुधा कोणाच्या लक्षात न येता.

मराठी लेखनात मग कोणते रूप वापरावे? सोयीसाठी सर्वत्र ‘झेवियर’ लिहिण्याची प्रवृत्ती दिसते; ती समर्थनीय नाही. पोर्तुगीज अमदानीतील गोमंतकीय व्यक्तीचे नाव ‘झेवियर’ असे लिहिणे म्हणजे ज्या उच्चाराने त्या माणसाला आयुष्यभर हाक मारली गेली तो पुसून टाकणे होय. अशा ठिकाणी ‘शाविएर’ हेच रूप योग्य. उलट, वसई-मुंबईकडील ज्या कुटुंबांत ‘झेवियर’ हाच उच्चार घरोघरी चालतो, तेथे ‘शाविएर’ लिहिणे हा विद्वत्तेचा अट्टाहास ठरेल. नाव ज्याचे, उच्चार त्याचा, हा निकष पुरेसा आहे. यासाठी सूचीकाराला दोन्ही रूपांची परस्परनिर्देशक नोंद करावी लागेल, आणि तेवढे कष्ट त्याने घ्यावयास हवेत.

मराठी आडनाव नाव का होत नाही

संतांची नावे ठेवण्याची रूढी महाराष्ट्रातही आहे. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम ही नावे घरोघरी आढळतात. पण या संतांची कुलनामे व्यक्तिनामे म्हणून कोणी ठेवली नाहीत. याचे पहिले कारण उघड आहे : वारकरी परंपरेत एका नावाच्या अनेक संतांची तशी गर्दी झाली नाही, आणि जेथे झाली तेथे ओळख पटविण्यासाठी ‘विसोबा खेचर’, ‘गोरा कुंभार’, ‘सावता माळी’ अशी विशेषणे आली. ती वापरात राहिली, पण मुलांना दिली गेली ती ‘गोरा’, ‘सावता’ हीच. ‘कुंभार’ व ‘माळी’ या शब्दांचा अर्थ जिवंत होता. जिवंत अर्थाचा शब्द जातीपासून व व्यवसायापासून तुटून निव्वळ नाव होऊ शकत नाही. ‘-कर’ प्रत्ययाच्या आडनावांचेही तेच. ‘पैठणकर’ हा शब्द ऐकताच पैठण दिसते. ‘शाविएर’मध्ये नवाराच्या बाहेर कोणालाच काही दिसत नव्हते. शब्दाचा अर्थ मेला होता, म्हणूनच त्याचे नाव होऊ शकले, असे म्हणावे लागते.

गोव्यातील व पश्चिम किनाऱ्यावरील पुढच्या काळातील नावे या तर्काला दुजोरा देतात. दोमिनिक सावियो (१८४२–१८५७) हा इटालियन किशोर १९५४ मध्ये संत ठरला. त्याचे गुरू जुआन बोस्को १९३४ मध्येच त्या पदास पोचले होते. ‘सावियो’ व ‘बोस्को’ ही दोन्ही आडनावे आज गोमंतकीय ख्रिस्ती मुलांची सर्रास नावे आहेत. इटालियनमध्ये ‘सावियो’ म्हणजे शहाणा आणि ‘बोस्को’ म्हणजे रान. मडगाव किंवा म्हापसा येथे त्या अर्थाचा अडसर नाही. आर्सच्या धर्मगुरूचे ‘व्हियानी’ हे आडनाव आणि इग्नातीचे ‘लोयोला’ हे गढीचे नाव हीदेखील त्याच वाटेने गेली. लिस्बनला जन्मलेल्या व १६९३ मध्ये तमिळ प्रदेशातील ओरियूर येथे मारल्या गेलेल्या जुआंव दे ब्रितो याचे ‘ब्रिट्टो’ तमिळ ख्रिस्ती कुटुंबांत व्यक्तिनाम झाले आहे. तेच कुलनाम वसईत आडनाव म्हणून नांदते. २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यामुळे ते मराठी वाचकांच्या परिचयाचे झाले. त्यांच्या नावात ‘दि’ शिल्लक आहे. तमिळ व्यक्तिनामात तो नाही. वर सांगितलेली खूण येथेही जुळते.

याच्या उलट दिशेचे एक उदाहरण मराठीच्या अभ्यासकाला अधिक जवळचे आहे. ‘ख्रिस्तपुराणा’चा कर्ता थॉमस स्टीफन्स याचे आडनाव हे ‘स्टीफन’ या व्यक्तिनामापासून बनलेले. गोव्यातील पोर्तुगीजांनी त्याचे ‘एस्तेव्हांव’ असे रूपांतर केले आणि आडनाव पुन्हा व्यक्तिनामाच्या पोशाखात आणून ठेवले. १६१६ मध्ये ज्या राशोलच्या मुद्रणालयात हे पुराण छापले गेले, तेथे ‘स्टीफन्स’ म्हणून त्याला ओळखणारे कोणी असेल असे वाटत नाही.

लोकप्रियतेचा अर्थ

नावाच्या लोकप्रियतेवरून इतिहासाचे निष्कर्ष काढताना संयम आवश्यक आहे. गोव्यात सोळाव्या-सतराव्या शतकांत धर्मांतरितांना नवे व्यक्तिनाम आणि बहुधा धर्मपित्याचे आडनाव मिळे. त्या व्यवहारात स्वेच्छा किती व सत्तेचा रेटा किती, हा प्रश्न ‘शाविएर’ या नावापुरता वेगळा काढता येत नाही. ज्या धर्मोपदेशकाचे हे नाव, त्याने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला गोव्यात इन्क्विझिशन आणण्याविषयी लिहिले होते. ते न्यायासन त्याच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये आले. दुसऱ्या बाजूस, ओल्ड गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकेत ३ डिसेंबरच्या फेस्ताला येणाऱ्यांत ख्रिस्ती असतात तसे हिंदूही असतात, आणि ‘गोंयचो सायब’ हे बिरुद दोघांच्याही तोंडी आहे. नवस बोलून मुलाचे नाव ‘फ्रान्सिस’ किंवा ‘शाविएर’ ठेवणारी आई १५४६ चे पत्र वाचून ते ठेवीत नाही. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा (१९२४–२००२) लहानपणी देवीच्या आजारातून वाचले, म्हणून आईने त्यांच्या नावाला या संताचे नाव जोडले, ही हकिगत प्रसिद्ध आहे. अशा नावात धर्मप्रसाराचा इतिहास नसतो असे नाही. पण त्याच्या पुढे एका घराचा कृतज्ञभाव असतो, आणि नोंदवही वाचणाऱ्याला दोन्ही दिसावयास हवेत.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे नाव संताशी कसलाही संबंध नसलेल्या कुटुंबांतही लोकप्रिय झाले. तेथे त्याच्या पहिल्या अक्षराचे दुर्मीळपण हेच आकर्षण असावे. त्या बालकांच्या नावात नवाराची गढी नाही, गोवा नाही, ‘फ्रान्सिस’ही नाही. गोव्यातील व वसईतील दप्तरांत मात्र ही सर्व स्थित्यंतरे एकाच पानावर शेजारी शेजारी उभी असतात : एका ओळीत ‘फ्रान्सिस्को शाविएर’ हे पूर्ण जोडनाव, दुसऱ्या ओळीत नुसता ‘शाविएर’, तिसरीत कोणाचे तरी आडनाव म्हणून तोच शब्द. प्रत्येक ओळीत तो कोणत्या नात्याने आला आहे, हे शेजारच्या रकान्यातील बापाचे नाव आणि धर्मपित्याचे नाव ताडून पाहिल्यावरच कळते.